गंगेवरचा हिरवा डबा

माझ्या सासूबाई एकदा हरवल्या होत्या, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. त्यांच्यासमोर म्हणायचे, हे मला अजिबात खपायचं नाही. बाई समोर बसून लसूण सोलतेय आणि तिच्यादेखत पाहुण्यांना सांगायचं, "जुलैत आई हरवली होती ना!" मी लगेच तडकायचे. माझा स्वभावच तापल्या तव्यासारखा, थेंब पडला की चर्र. सासूबाई मात्र पाकळी नखानं उचकटत नुसतं "हं" म्हणायच्या.

ही दोन हजार चार-पाचची गोष्ट. आम्ही नाशिकरोडला राहायचो. आमचे हे एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरीला आणि मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. सासूबाईंचा एक नेम होता. दर सोमवारी दहाची सिटी बस धरायची, पंचवटीत उतरायचं आणि गंगेवर जायचं. नदीला गोदावरी म्हणतो तो नाशिकबाहेरचा, आमची ती गंगाच. पायरीवर बसून घोट्यापर्यंत पाय पाण्यात सोडायचे, कपालेश्वराच्या पायऱ्या चढून हात जोडायचे, येताना कोथिंबिरीची जुडी घ्यायची आणि दोनच्या आत घरी. सत्तरीला टेकल्या होत्या, तरी कधी चुकलं नाही.

मी घोटीची. नव्वदच्या दशकात लग्न होऊन या घरात आले, तेव्हा नाशिक म्हणजे माझ्यासाठी नुसता गोंधळ. पहिल्याच महिन्यात सासूबाई मला गंगेवर घेऊन गेल्या आणि परतताना भांडीबाजारात मीच हरवले. एका दुकानातल्या पितळी समया बघत उभी राहिले, मान वळवली तर सासूबाई गायब. रडू फुटायच्या बेतात होते. दहा मिनिटांत त्यांनी मला बरोबर हुडकून काढलं. मी म्हटलं, "आई, घरी सांगू नका हं, मी हरवले म्हणून." त्या म्हणाल्या, "बाईमाणूस हरवत नसतं गं. जरा इकडंतिकडं होतं." खरंच, कोणाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मी ते विसरलेले नाही.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या माहेराहून डबा यायचा, कधी हातसडीचे तांदूळ, कधी पोहे. तो डबा सासूबाईंनी कधी रिकामा परत पाठवला नाही. घरात काहीच नसलं तर गुळाचा खडा टाकायच्या, पण डबा रिकामा? छे! शेजारीण वाटीभर साखर घेऊन गेली आणि वाटी तशीच परत आणून दिली, तर आठवडाभर त्यांच्या मनातून उतरलेली असायची.

तर ते हरवणं. जुलैतल्या एका सोमवारी दोन वाजले, चार वाजले, तरी सासूबाईंचा पत्ता नाही. हे कामावरून थेट स्कूटर घेऊन गंगेवर गेले. पावसाळ्याचे दिवस, पाणी चढलेलं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीचे पाय बुडालेले. ह्यांनी फुलवाल्यांना विचारलं, नाववाल्यांना विचारलं, आणि शेवटी नुसते पाण्याकडं बघत उभे राहिले. साडेसातला घरी फोन वाजला. सायखेड्याहून सासूबाईंचा भाचा बोलत होता, "आत्या इकडं आल्यात. सकाळपास्नं फोन बंद होता आमचा." पंचवटीतल्या निमाणीच्या बस स्टँडवर त्या भलत्याच बसमध्ये चढल्या आणि थेट आपल्या माहेरच्या गावी जाऊन उतरल्या होत्या. हे घरी आले, मी सांगितलं, तर ओलेच खुर्चीत बसले आणि रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ह्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणून दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला की आई आता एकटी कुठं जाणार नाही, तेव्हा मीही तोंड आवरलं.

सोमवार बंद झाला. महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही त्यांना स्कूटरवरून न्यायचो. हे घड्याळ बघत उभे, मी चपला सांभाळत उभी. पाच मिनिटं पाय बुडवून त्या म्हणायच्या, "चला." तेवढंच. घरात टीव्हीसमोर बसायच्या, पण बघत नसायच्या. पाच महिन्यांत त्यांचं चालणंही मंदावलं. मला बघवेना.

डिसेंबरात अमेरिकेहून धाकटे भाऊजी आले आणि सोबत एक पिवळं यंत्र घेऊन आले. मुठीत मावेल एवढं, वर छोटा पडदा, पोटात पेन्सिल सेल. आकाशातल्या उपग्रहांना विचारून ते म्हणे आपण कुठं आहोत ते सांगतं. भाऊजींना तिकडं एक नाद लागला होता. जगभर लोक डबे लपवतात, जागेच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे इंटरनेटवर टाकतात, दुसरे लोक ते आकडे यंत्रात भरून डबे शोधत हिंडतात. आत एक वही असते, तिच्यात आपण आल्याचं लिहायचं. डब्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा होता तिथं सरकवून द्यायचा.

"आणि मिळतं काय?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. सापडल्याचा आनंद."

"तुम्हाला कामं नाय का रे तिकडं?"

भाऊजींना आपल्या गावातही एक डबा लपवायचा होता. गंगेसारखी जागा आणखी कुठं मिळणार! मी त्यांच्यासोबत गेले. होळकर पुलाच्या अलीकडं जुन्या काळ्या दगडी भिंतीत एक कोनाडा आहे, त्यातला एक दगड सुटा होता. त्यामागं त्यांनी घट्ट झाकणाचा हिरवा डबा सरकवला. आत वही, पेन्सिल, एक परदेशी नाणं, एक किल्ल्यांची साखळी आणि बोटाएवढी खेळण्यातली मोटार. भाऊजी यंत्र हातात धरून पुढं-मागं करत होते. एक फुलवाली ओरडली, "काय पडलं का दादा गंगेत?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊजी मात्र खूष. सायबर कॅफेत जाऊन आकडे टाकून आले.

त्या रात्री जेवताना भाऊजी यंत्राचं कौतुक सांगत होते, की अनोळखी जंगलातसुद्धा माणूस हरवत नाही, पडद्यावरचा बाण दाखवेल तिकडं चालायचं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी म्हटलं, "मग हे आईंना द्या. सोमवारी त्या एकट्या जातील."

ह्यांचा घास हातातच राहिला. "काय बोलतेस? आईला इंग्रजी येत नाही."

"बाणाला कुठं इंग्रजी येतं?" मी म्हटलं.

भाऊजी हसले, पण ह्यांचा चेहरा काही सैल होईना. बरीच वादावादी झाली. शेवटी भाऊजींनी तोड काढली. आईनं यंत्र घेऊन एकटीनं बसनं जायचं, हिरवा डबा शोधायचा, वहीत लिहायचं आणि चारच्या आत घरी यायचं. जमलं तर सोमवार पुन्हा सुरू, कोणी एक शब्द काढायचा नाही. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही. कोनाडा कुठं आहे ते मी त्यांना सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली. हे म्हणाले, "ठीक आहे. पण नाही जमलं तर तूसुद्धा गप्प बसायचं." मी कशी गप्प बसणार होते देव जाणे, पण हो म्हटलं.

मग आठ दिवस आमची तालीम. मी कॉलनीत कुठंतरी लाटणं लपवून यायचे, भाऊजी आकडे भरून द्यायचे आणि सासूबाई पदर खोचून बाणामागं निघायच्या. पहिल्या दिवशी त्या शेजारच्यांच्या न्हाणीघरापर्यंत गेल्या. दुसऱ्या दिवशी शेवग्याच्या झाडाला तीन फेऱ्या मारल्या. समोरच्या काकू मला हळूच विचारून गेल्या, "सासूबाईंना बरं आहे ना गं?" तिसऱ्या दिवशी मात्र लाटणं बरोबर पाण्याच्या टाकीमागून काढून आणलं आणि माझ्यापुढं नाचवत म्हणाल्या, "हा पिवळ्या दहा पावलांवर आणून सोडतो आणि मुका होतो. पुढं डोळे आपलेच लागतात." पाच महिन्यांनी त्यांना असं हसताना पाहिलं. मी त्यांना मिठीच मारली. "सोड गं, लाटणं लागंल," म्हणाल्या.

एका दुपारी आम्ही दोघीच होतो. सेल बदलता बदलता त्या सहज म्हणाल्या, "सूनबाई, एक सांगू? मी त्या दिवशी बस चुकले नव्हते."

"म्हणजे?"

"बोर्ड वाचला. सायखेडा लिहिलं होतं. गाडी लागलेली होती, खिडकी मोकळी होती. लय वर्षं झाली होती गं. चढले."

मी थक्क! "अहो, मग सांगितलं का नाही? सगळे हरवली हरवली म्हणतात तुम्हाला!"

"तो रडला ना," त्या म्हणाल्या. "त्याला आता कसं सांगू, की मी मजेत बसले होते खिडकीशी?" मग मला दम भरला, "तू नाय बोलायचं हं." भांडीबाजाराची फेड करायची वेळ आली होती. मी बोलले नाही.

परीक्षेचा सोमवार उजाडला. सासूबाईंनी ठेवणीतलं नऊवारी नेसलं, पिवळ्याची दोरी गळ्यात अडकवली, वरून स्वेटर चढवला आणि पिशवी घेऊन निघाल्या. मी शाळेत दोन दिवसांची रजा टाकली होती. भाऊजी म्हणाले, "वहिनी, मी लांबून मागं मागं जातो." मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "एक पाऊल बाहेर टाका, मग बघा." ह्यांचा कामावरून दर तासाला फोन. अकराला, "पोचली का?" बाराला, "काही कळलं?" एक वाजता मीच फोन उचलून म्हटलं, "अहो, त्या गंगेवर गेल्यात, युद्धावर नाही." म्हटलं खरं, पण माझंही लक्ष फाटकाकडंच होतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले, डाळीचा पार लगदा झाला.

अडीचला फाटक वाजलं. सासूबाई! चेहरा उन्हानं लाल, पिशवी फुगलेली, वर कोथिंबिरीची जुडी. "सापडला," एवढंच म्हणाल्या आणि पाय धुवायला गेल्या. भाऊजी मागं मागं, "वहीत लिहिलंस ना आई?" "लिहिलं." मी आनंदानं ओरडलेच. सासूबाई म्हणाल्या, "ओरडू नको. मैदा हाय का घरात?" मला वाटलं, पेपर छान गेला म्हणून धाकट्याला गोड करून घालायचं असेल. त्या शंकरपाळ्यांचं पीठ मळायला बसल्या.

हे मात्र काळजीत माझ्याही वरचढ. फोनवर "सापडला" ऐकून ह्यांचा विश्वास बसेना. भाऊजींना पंचवटीत बोलावून घेतलं आणि दोघं भाऊ संध्याकाळी थेट कोनाड्यापाशी. दगड काढला. आत डबा नाही.

साताला दोघं घरी आले. ह्यांनी चपला काढल्या त्या आवाजावरूनच मला कळलं. "तिथं काही नाही," हे म्हणाले. "आई गेलीच नाही तिथं. दुसरीकडंच कुठंतरी भटकून आली असेल. आणि वर सापडला म्हणून सांगते! मला हीच भीती होती." भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, मी स्वतः हात घालून बघितलं."

माझं डोकंच फिरलं. "तुमची आई खोटं बोलते म्हणता? बाहेरच्या कोणी नेला असेल डबा! दुपारपासून शेकडो माणसं फिरतात तिथं!" पण आवाज चढवता चढवता माझंच मन चरकलं. खरंच कुठं दुसरीकडं गेल्या असतील तर? पैज हरली तर त्यांचा सोमवार कायमचा गेला. आणि हे सगळं सुरू केलं होतं मी.

आतून झाऱ्याचा आवाज बंद झाला. सासूबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "काय शोधताय?"

"डबा, आई!" हे जवळजवळ ओरडलेच. "हिरवा डबा!"

"तो व्हय? तो ओट्यावर पालथा घातलाय. वाळतोय."

मी स्वयंपाकघरात धावले. हिरवा डबा घासूनपुसून, फडक्यावर पालथा! दुपारी त्याच्याशेजारी उभी राहून मी चहा केला होता. शेजारी परातीत शंकरपाळ्यांचा ढीग, आणि वाटीत ते नाणं, ती साखळी आणि ती मोटार धुऊन ठेवलेली.

"आई, तू डबा घरी आणलास?" भाऊजी मटकन खाली बसले. "तिथंच ठेवायचा असतो तो!"

"तसा? त्या दळभद्र्या पेन्सिलीसकट?" आता सासूबाई तापल्या. "आधी मला सांग, तू लपवलास ना तो? आपल्या घरचा ना? माणूस कुठून कुठून येणार, उन्हातनं शोधत फिरणार, आणि उघडून बघितलं तर आत काय, खुळखुळा! मला लाज वाटली. रिकामा डबा ठेवतात का कोणाच्या पुढं?"

"अगं, पण नियमात खाण्याचं ठेवायचं नसतं. मुंग्या लागतात."

"झाकण घट्ट हाय. मी बादलीत बुडवून बघितलंय." मग ह्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "आणि मी तसं लिहून ठेवलंय, कोणी शोधत आलं तर काळजी नको म्हणून."

"कुठं लिहिलंय?"

"वहीत."

"आणि वही कुठंय?"

सासूबाईंनी पिशवीतून वही काढली. भाऊजी असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. डबा नेल्याची चिठ्ठी डब्यातल्याच वहीत लिहून, ती वही डब्यासकट घरी! मीही हसून हसून भिंतीला टेकले. सासूबाईंना आधी कळेना, मग कळलं, तशा त्याही पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

हे मात्र हसले नाहीत. वही उघडून वाचत उभे होते. मी खांद्यावरून डोकावले. मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "सापडला. एकटी आले. रस्ता ठाऊक होता. डबा भरायला नेत आहे, उद्या आणून ठेवीन. काळजी नसावी."

ह्यांनी मधल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आई, रस्ता ठाऊक होता, तर मग सायखेड्याला कशी गेलीस?"

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग लेकाकडं. "बसनं गेले," त्या म्हणाल्या. "बोर्ड वाचून. मला जायचं होतं."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू रडलास असं कळलं, मग सांगवेना. आणि आधी विचारलं असतं, तर सोडलं असतंस?"

उत्तर ह्यांनाही माहीत होतं, मलाही. हे वळून स्वयंपाकघरात गेले, मला वाटलं पाणी प्यायला. बघते तर डबा सरळ करून त्यात शंकरपाळे भरत होते. एक खाल्ला, एक भरला, एक खाल्ला, एक भरला. मी काही बोलले नाही. माझ्यासाठी हे फार अवघड होतं.

मंगळवारी सकाळी सासूबाई डबा पिशवीत घालून निघाल्या. भाऊजींनी पिवळ्या पुढं केला, तर म्हणाल्या, "राहू दे त्याला घरी, दमला असेल." हे शिफ्टला निघायच्या घाईत दारात बूट घालत होते. मला वाटलं, आता म्हणतील, लवकर ये, नीट जा, पायरीवर जपून. तोंडात आलंही होतं त्यांच्या, मी पाहिलं. पण ते गिळून म्हणाले, "आई, येताना कोथिंबीर आण."

सासूबाई थबकल्या. जुलैपासून ह्यांनी त्यांना एक काम सांगितलं नव्हतं. साधी काड्यापेटी आणायलासुद्धा नाही.

"आणि," हे बुटाची नाडी बांधत, वर न बघता म्हणाले, "निमाणीवर सायखेड्याची गाडी लागलेली असली, तर जाऊन ये. फक्त फोन कर."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. फाटकातून बाहेर पडून बसथांब्याकडं निघाल्या. पाच महिन्यांत मी त्यांना इतक्या झपझप चालताना पाहिलं नव्हतं.

दुपारी दोन वाजता फोन वाजला. मागं कोंबड्यांचा, पोरांचा आणि माणसांच्या हसण्याचा गलका होता. त्यातून सासूबाईंचा चढा आवाज आला, "त्याला सांग, डबा ठेवला. कोथिंबीर उद्या आणते."